निर्व्यसनी घरातील खोकला आणि पेशीतला मुनीम

फुफ्फुसाचा कर्करोग म्हणजे विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा रोग, ही समजूत लातूर-नांदेडच्या व्यापारी पेठांत आजही घट्ट आहे. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या तंबाखूला कुणी शिवले नाही, तेथील खोकला म्हणूनच कुणी फारसा मनावर घेत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ४८९ रुग्णांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्याहून किंचित अधिक रुग्ण धूम्रपान न करणारे होते.

या रोगात जीव घेते ती बहुधा मूळ गाठ नव्हे, तर तिचा प्रसार. गाठीतील काही पेशी आपली जागा सोडून मेंदूत, हाडांत, यकृतात जाऊन बसतात. त्यांना ही मोकळीक कोण देते, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग ‘सूक्ष्म आरएनए’ या अतिलहान रेणूंत सापडला आहे.

पेढीच्या भाषेत सांगायचे तर पेशीतील डीएनए ही तिजोरीत ठेवलेली मूळ खतावणी. तिच्यावरून मालाची चिठ्ठी निघते, ती संदेशवाहक आरएनए. आणि चिठ्ठीबरहुकूम प्रथिनरूपी माल तयार होतो. सूक्ष्म आरएनए हा मधला मुनीम. अवघ्या बावीसएक अक्षरांचा हा रेणू नको असलेली चिठ्ठी वाटेतच अडवतो किंवा फाडून टाकतो. एकेक मुनीम शेकडो चिठ्ठ्यांवर नजर ठेवतो, हे विशेष. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांनी १९९३ मध्ये जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत त्याचा शोध लावला. नोबेल पारितोषिक मिळाले ते २०२४ मध्ये.

‘लेट-७’ हा असाच एक मुनीम. फुफ्फुसाच्या गाठीत तो कमी असलेले रुग्ण शस्त्रक्रियेनंतर कमी काळ जगले, असे जपानी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले. प्रसाराशी अधिक थेट संबंध आहे तो ‘मिर-२००’ या कुटुंबाचा. निरोगी अस्तरातील पेशी एकमेकींना धरून असतात. ही पकड सोडवणाऱ्या ‘झेब-१’ या प्रथिनाला मिर-२०० दाबून ठेवतो. तो घटला की पकड सुटते, पेशी आकार बदलते आणि भटकू लागते. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या संशोधकांनी २००९ मध्ये उंदरांच्या फुफ्फुसगाठीतील पसरणाऱ्या पेशींत मिर-२०० पुन्हा वाढवला, तेव्हा त्यांची पसरण्याची शक्तीच गेली. उलट ‘मिर-२१’ गाठीत वाढलेला आढळतो. हा मुनीम गाठीला फितूर झालेला. धूम्रपान न केलेल्यांच्या गाठींतही तो ईजीएफआर या जनुकाच्या इशाऱ्यावर वाढतो, असे त्याच वर्षी दिसून आले.

मग हे रेणू औषध म्हणून का देऊ नयेत? प्रयत्न झाला. ‘मिर-३४’ची कृत्रिम प्रतिकृती २०१३ पासून अमेरिकेत रुग्णांना देऊन पाहिली गेली, प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. तेव्हा सूक्ष्म आरएनएच्या नावाने कुणी महागडी तपासणी वा उपचार गळ्यात बांधू लागला, तर खिशात हात घालण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञांना विचारावे.

मराठवाड्यातील खरी अडचण याहून साधी आहे. क्ष-किरण चित्रातील डाग क्षयाचा समजून महिनोन् महिने गोळ्या चालू राहतात. तीन आठवड्यांहून अधिक खोकला, थुंकीतून रक्त किंवा अकारण घटणारे वजन असेल आणि थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नसतील, तर सीटी स्कॅन आणि गाठीचा तुकडा तपासण्याविषयी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. लातूरचे विवेकानंद रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय येथे कर्करोगावर उपचार होतात. प्रत्येकाने आधी मुंबईच गाठावी असे नाही. तुकड्याची ईजीएफआर तपासणी मात्र टाळू नये. तो बदल आढळल्यास अनेक रुग्णांचा उपचार गोळ्यांवर होऊ शकतो. तपासलेला तुकडा प्रयोगशाळा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवते. दुसऱ्या गावी दाखवायला निघताना अहवालाच्या कागदांबरोबर तो ठोकळाही मागून घ्यावा. सुई पुन्हा टोचण्याची वेळ बहुधा टळते.