चित्राखालचीं चार वाक्यें

परीक्षांचा हंगाम सरत आला, कीं आपल्याकडील कलाशाळांत एक लहानसा समारंभ होतो. शिक्षण पुरें करून बाहेर पडणारे विद्यार्थी आपापल्या कृती भिंतींवर टांगतात, जमिनीवर मांडतात, आणि त्यांच्या शेजारीं उभे राहतात. प्रत्येक कृतीजवळ एक कागद चिकटविलेला असतो. हें मीं कां केलें, मला हें कशावरून सुचलें, आणि अमुकच साहित्य कां घेतलें, हें त्यावर चारसहा वाक्यांत लिहिलेलें असतें. या कागदाला ‘कलाकाराचें निवेदन’ असें म्हणतात. आपणांसारखीं सुशिक्षित कुटुंबें रविवारीं मुलाबाळांसह अशीं प्रदर्शनें पाहावयास जातात, आणि पुष्कळदां परततांना एकच तक्रार बरोबर आणतात. ती अशी, कीं चित्र कळलें नाहीं, आणि त्याखालचा कागद तर त्याहूनही कळला नाहीं. मग हा खटाटोप कशासाठीं? या तक्रारीचें माझ्या अल्प मतीप्रमाणें समाधान करावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

मी कलासमीक्षक नव्हे. माझें शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचें, वय साठीच्या पुढें, आणि सारी हयात सोलापूर जिल्ह्यांत, करमाळा तालुक्यांतील उजनी जलाशयाच्या कांठीं मास्तरकी करण्यांत गेली. इतर विषयांबरोबर चित्रकलेचा तासही माझ्याकडे असे, आणि शासकीय रेखाकला परीक्षेला मुलें बसविण्याचें काम मीच करीत असें. चित्राखालच्या चार वाक्यांची किंमत मला पुस्तकांनीं शिकविली नाहीं. ती एका विद्यार्थ्यानें शिकविली, आणि तीही माझ्या हातून त्याच्यावर अन्याय घडल्यानंतर. ती हकीकत पुढें यथास्थळीं सांगेन.

प्रथम हा कागद आला कोठून, तें पाहूं. मुंबईची सर जमशेटजी जिजीभाई यांच्या नांवाची कलाशाळा 1857 सालीं सुरू झाली. तिला 2023 सालीं अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आरंभींच्या काळांत तेथील विद्यार्थ्याला ‘तुझी प्रेरणा कोणती?’ असें कोणी विचारीत नसे. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन करावें, मग जिवंत माणसावरून करावें, छायाप्रकाश साधावा, हात बसवावा, हाच अभ्यास. 1872 पासून 1885 पर्यंत जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखालीं याच शाळेच्या विद्यार्थ्यांनीं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. हात विद्यार्थ्यांचा, पण कल्पना शेकडों वर्षांपूर्वींच्या कारागिरांची. पुढें 1896 च्या सुमारास गणपतराव म्हात्रे यांनीं विद्यार्थिदशेंतच ‘मंदिरपथगामिनी’ हा पुतळा घडविला आणि त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. देवळाकडे निघालेली ती तरुणी कोण, कोठें चालली, हें कोणास सांगावें लागलें नाहीं. तो विषय पाहणाराच्या घरांतलाच होता. चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांनीं त्या शाळेंत 1890 सालीं पाऊल ठेविलें व 1931 सालीं ते तेथून निवृत्त झाले; त्यांनीं आपलें आत्मकथन प्रसिद्ध केलें तें 1940 सालीं. एकेचाळीस वर्षांच्या अनुभवानंतर त्यांनीं जें निवांतपणें सांगितलें, तें आजच्या विद्यार्थ्याला बाविसाव्या-तेविसाव्या वर्षीं दाराशीं उभें राहून चार वाक्यांत सांगावें लागतें. त्याची जीभ अडखळली, तर त्यांत नवल तें काय?

स्वातंत्र्याच्या सुमारास ही जुनी घडी मोडली. 1947 सालीं मुंबईंत ‘प्रोग्रेसिव्ह’ चित्रकारांचा गट उभा राहिला. त्यांतील हुसेन हे आमच्या भीमाकांठच्या पंढरपुरांत जन्मलेले. वासुदेव गायतोंडे यांनीं 1948 सालीं मुंबईच्या त्याच कलाशाळेची पदविका घेतली, आणि पुढें त्यांच्या चित्रांत ना माणूस उरला, ना झाड, ना घर. उरला तो केवळ रंग आणि प्रकाश. त्यांच्या बहुतेक चित्रांना नांवही नाहीं. 1950 सालीं बडोद्यास ललितकलांची विद्याशाखा निघाली, तेथें इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे यांनीं चित्रकला शिकविली व विद्यार्थ्यांस आपापला मार्ग शोधण्याची मोकळीक दिली. चित्रांतून ओळखीचा विषय गेला, आणि त्याबरोबर पाहणाराचा आंत शिरण्याचा नेहमीचा दरवाजाही गेला. मग चित्रकारालाच दार उघडून ‘असें इकडून या’ म्हणणें प्राप्त झालें. प्रभाकर बरवे यांनीं 1990 सालीं ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकांत आपल्या विचाराची वाट मराठींत उलगडून दाखविली. साध्या मराठींत हें सांगतां येतें, याचा तो उत्तम दाखला आहे.

गेल्या कांहीं दशकांत तर साहित्यच पालटलें. आतां विद्यार्थी माती आणतो, जुनीं लुगडीं आणतो, आवाज आणतो, हालतें चित्र पडद्यावर दाखवितो. याला ‘मांडणीशिल्प’ इत्यादि नांवें आहेत. येथें निवेदनाची गरज अधिकच वाढते, आणि ती कां, हें एका घरगुती उदाहरणानें सांगतों. आपल्या अंगणांत दगडी उखळ असेल, तर तें केवळ उखळ होय. परंतु पाण्याखालीं गेलेल्या घराच्या जोत्यावरून, पाणी ओसरल्यावर, नातवानें खांद्यावर वाहून आणलेलें उखळ हें तें उखळ नव्हे. दोन्हीं शेजारीं ठेविलीं, तर डोळ्यांना फरक दिसणार नाहीं. तो फरक सांगावाच लागतो. निवेदन म्हणजे हा न दिसणारा फरक सांगणें. चित्राचा अर्थ लावून देणें हें त्याचें काम नव्हे.

आपल्याच महाराष्ट्रांतील एक उदाहरण घेऊं. प्रभाकर पाचपुते यांचा जन्म 1986 सालीं चंद्रपूर जिल्ह्यांत, सास्ती या कोळशाच्या खाणींच्या गांवीं झाला. त्यांच्या घराण्याच्या पिढ्या खाणींत राबल्या. खैरागड येथें व नंतर बडोद्यास त्यांनीं कलेचें शिक्षण घेतलें. त्यांचीं भिंतभर मोठीं चित्रें कोळशाच्या कांडीनें काढलेलीं असतात. चित्रकाराची कांडी लांकडी कोळशाची, खाणींतला तो दगडी कोळसा, हा भेद खरा. पण खाणकामगाराच्या घरच्या मुलानें हातीं काळें घेऊन काळ्याची गोष्ट सांगावी, हा योग विसरतां येत नाहीं. येथें साहित्य, गांव आणि विषय एकाच ठिकाणीं येऊन मिळतात. याउलट सर्वांनाच शब्दांची गरज असते असेंही नाहीं. आमच्याच जिल्ह्यांतील शशिकांत धोत्रे यांनीं काळ्या कागदावर रंगीत पेन्सिलींनीं काढलेल्या ग्रामीण स्त्रियांपुढें पाहणारा कागद न वाचतांही थबकतो. तात्पर्य, निवेदन हें चित्राची कुबडी नव्हे. जेथें वाट अनोळखी आहे, तेथें लावलेली ती पाटी आहे.

आतां पाटी खरी कीं खोटी, हें आपण कसें ओळखावें? मी तीन साधे प्रश्न सुचवितों. पहिला : हें साहित्यच कां घेतलें? दुसरा : हें तुम्हांला कोठें भेटलें, कोणाकडून आलें? तिसरा : काय गाळलें, आणि तें कां? तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण काढण्यापेक्षां गाळण्यांत विचार अधिक लागतो. याशिवाय एक कसोटी आहे. तो कागद मनांतल्या मनांत उचलून शेजारच्या विद्यार्थ्याच्या चित्राखालीं लावून पाहावा. तेथेंही तो तितकाच शोभला, तर तो लिहिणाराचा स्वतःचा नव्हे. ‘स्मृति’, ‘अवकाश’, ‘अस्मिता’ असे जड शब्द कोठल्याही भिंतीवर चालतात. ‘माझ्या आजीच्या परसांतली माती’ हे शब्द एकाच भिंतीवर चालतात.

आतां माझी हकीकत. तत्पूर्वीं आमच्या मुलखाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. भीमेवरील उजनीचें धरण 1980 सालीं पूर्ण झालें. त्याच्या जलाशयास यशवंतसागर हें नांव आहे. त्यांत सुमारें 117 अब्ज घनफूट पाणी मावतें, आणि त्यांतलें सुमारें 63 अब्ज घनफूट हा मृत साठा होय. म्हणजे अर्ध्याहून अधिक. पाणी त्या पातळीखालीं उतरलें, म्हणजे वर्तमानपत्रें ‘उजनी उणे’ म्हणून टक्केवारी छापतात. सोलापूर शहर हें पाणी पितें, तेव्हां शहरवासीयांना ती काळजीची बातमी, आणि तशी ती आहेच. परंतु आमच्याकडे त्याच उण्या आंकड्यांच्या दिवसांत बुडालेलीं गांवें वर येतात. इंदापूर तालुक्याच्या बाजूस पळसदेव येथील पळसनाथाचें प्राचीन मंदिर असेंच उघडें पडतें. आमच्या बाजूस जोतीं, पायऱ्या, वाड्यांच्या भिंती दिसूं लागतात. पाण्यावर राहणाऱ्या आमच्या गांवांच्या नांवांपुढें आतां क्रमांक लागले आहेत : वांगी नंबर एक, वांगी नंबर दोन, केत्तूर नंबर एक, केत्तूर नंबर दोन. मूळचें नांव पाण्याखालीं, आणि कांठावर त्याचे तुकडे.

सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. रेखाकला परीक्षेच्या तयारीसाठीं स्मरणचित्राला मीं ‘गांवची जत्रा’ हा विषय दिला होता. मुलांनीं पाळणे काढले, रेवड्यांचीं दुकानें काढलीं, पिपाण्या वाजविणारीं पोरें काढलीं. एका मुलानें मात्र अवघा कागद निळ्याहिरव्या रंगानें भरून काढला होता, आणि मधोमध बोटाच्या पेराएवढें देवळाचें शिखर. दुसरें कांहीं नाहीं. मीं लाल शाईनें ‘विषय सोडला’ असा शेरा मारला आणि गुण कापले. मुलगा वही घेऊन टेबलाशीं आला.

“गुरुजी, जत्रा हितंच भरायची,” तो बोट ठेवून म्हणाला. “आजी सांगती. आता वर पाणी हाय.”

“अरे, परीक्षक काय तुझ्या आजीला विचारायला येणार आहेत?” मी म्हणालों. वर्ग हंसला. तो जागेवर जाऊन बसला. पुढें तो पाळणा काढावयास शिकला, परीक्षेंत उत्तीर्णही झाला. आणि त्यानंतर त्यानें मला तें पाणी पुन्हां कधीं दाखविलें नाहीं.

कांहीं वर्षांनीं पाऊस दगावला. पाणी इतकें उतरलें, कीं लोक चिखल वाळल्यावर जुन्या गांवीं चालत गेले. मीही गेलों. शिखर होतें तसेंच होतें, खालीं देवळाच्या पायऱ्या होत्या, आणि पायऱ्यांसमोर एक सपाट मोकळी जागा. बरोबरच्या एका म्हाताऱ्या बाई तेथें काठी टेकून उभ्या राहिल्या आणि पाळणा कोठें लागे, कांसाराचें दुकान कोठें असे, हें सुनेला दाखवूं लागल्या. त्या वेळीं मला ती वही आठवली. त्या पोराच्या चार शब्दांत माझ्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें होतीं. पाणी कां, तर तें खरोखरच वर आहे म्हणून. कोठून आलें, तर आजीकडून. काय गाळलें, तर जत्रा. कारण ती त्यानें पाहिलीच नव्हती, आणि न पाहिलेली वस्तु पाहिल्याचें सोंग त्याला करावयाचें नव्हतें. स्मरणचित्र त्या वर्गांत त्यानें एकट्यानेंच काढलें होतें. बाकीच्यांनीं मीं शिकविलेला पाळणा काढला होता.

तो कलाशाळेंत गेला नाहीं. गेला असता, तर काय झालें असतें, तें मला सांगतां येत नाहीं. परंतु आतां अशा घरांतलीं मुलें कलाशाळांपर्यंत पोंचत आहेत. जें आजोबांनीं सोसलें आणि बापानें पोटामागें धांवतांना बोलून दाखविलें नाहीं, तें नातवंडें माती, जाळीं, पाणी घेऊन मांडूं पाहतात. ज्यांनीं तें गांव चालतेंबोलतें पाहिलें, ते वृद्ध वर्षागणिक कमी होत आहेत. ते गेल्यावर पाणी उतरलें, तरी तेथें पाळणा कोठें लागे, हें कोण सांगणार? त्या मुलांचे ते कागद, मोडके कां असेनात, तेव्हां उरतील.

म्हणून, श्रोतेहो, माझी एवढीच विनंति आहे. यंदा एखाद्या प्रदर्शनास गेलांत, तर ‘हें काय काढलें?’ किंवा ‘यावर पोट भरेल काय?’ हे प्रश्न क्षणभर बाजूस ठेवावेत. चित्राशेजारीं उभ्या असलेल्या मुलाला किंवा मुलीला विचारावें, ‘हें तुला कोठें भेटलें?’ आणि उत्तर येईपर्यंत उभें राहावें. तें उत्तर कदाचित् अडखळत येईल, गांवच्या बोलींत येईल. परीक्षक आजीला विचारावयास येत नाहींत, असें मीं एकदां म्हटलें होतें. आपण तरी विचारावें.