जास्त चमकतं म्हणजे जास्त मुरलेलं, असं नसतं

वर्ध्याकडची काळी माती पाहिली की वाटतं, हिच्यात ह्युमस ठासून भरला असेल. प्रत्यक्षात तिच्यातला सेंद्रिय कर्ब बहुतेकदा १ टक्क्याच्याही खाली असतो. म्हणजे नुसत्या रंगावर जायचं नाही, हा पहिला धडा.

आता समजा, तुमच्याकडे दोन नमुने आहेत. एक कपाशीच्या शेतातल्या मातीचा, दुसरा नाडेप टाक्यातल्या कंपोस्टचा. (ही पद्धत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांची. खत तयार व्हायला साधारण ९० ते १२० दिवस लागतात.) दोन्ही नमुने सौम्य कॉस्टिक सोड्यात हलवून गाळायचे. गाळलेल्या द्रावणाचा सामू आम्ल घालून १ च्या आसपास आणला की जो साका खाली बसतो ते ह्युमिक आम्ल. वर विरघळलेलं राहतं ते फुल्विक.

या द्रावणांवर अतिनील प्रकाश टाकला की ती जास्त तरंगलांबीचा प्रकाश परत देतात. हीच प्रतिदीप्ती. कच्च्या कंपोस्टमध्ये २७५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकल्यावर ३४० च्या आसपास प्रथिनांसारखं शिखर दिसतं. खत मुरत जातं तसं ते उतरतं आणि ४२० ते ४८० मधलं ह्युमिक शिखर वर येतं. मातीतलं ह्युमिक आम्ल सहसा आणखी लांब तरंगलांबीला चमकतं, पण मंद. त्याची रचना जास्त गुंतागुंतीची असते, शिवाय लोहासारखे धातू चमक दाबतात. म्हणून शिखराची उंची पाहण्याआधी त्याची जागा पाहा.

इथेच मी फसलो होतो. चहाच्या रंगाचं द्रावण तसंच यंत्रात ठेवलं. दाट द्रावण स्वतःचाच प्रकाश गिळतं. प्रथिनांचं शिखर दबलं, ह्युमिक शिखर पुढे सरकलं आणि अर्धकच्चं खत मला 'तयार' वाटलं. दहापट पातळ केल्यावर तेच शिखर पुन्हा हजर! असं खत शेतात गेलं असतं, तर ते कुजवणाऱ्या जिवाणूंनी मातीतलाच नत्र खाल्ला असता आणि कपाशी पिवळी पडली असती.

म्हणून आलेख काढण्याआधी चार गोष्टी वहीत लिहा: २५४ नॅनोमीटरला शोषण किती (०.१ च्या खाली बरं), दोन्ही द्रावणांत कर्ब सारखा आहे का, सामू सारखा आहे का, आणि नुसत्या पाण्याचं वाचन वजा केलं का. यातली एक जरी राहिली, तरी तुलना माती-कंपोस्टची न राहता दोन बाटल्यांची होते.