कॉम्प्युटर चालू, पण बिल निघेना! लिनक्समध्ये डेटाबेस आपोआप सुरू कसा करायचा

आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण ज्यांनी बिलिंगसाठी लिनक्सचं मशीन ठेवलंय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची, ती व्हिडिओत स्क्रीनवर मोठी करून दाखवलीत.

आधी माझा घोळ सांगते. दुकानात अल्मालिनक्सचं मशीन आहे, त्यावर मारियाडीबी हा डेटाबेस आणि वर आमचं बिलिंग सॉफ्टवेअर. सेटअप मीच केला आणि पाच महिने मशीन सुतासारखं चाललं. मग मी ट्रेनिंगसाठी बाहेरगावी गेले आणि नेमकी त्याच रात्री लाईट गेली. यूपीएस किती वेळ दम धरणार? सकाळी आईने दुकान उघडलं, बटण दाबलं, मशीन चालू झालं, आणि स्क्रीनवर आलं की डेटाबेसला कनेक्ट होता येत नाही. साडेनऊला तिचा फोन, "अगं, सगळं चालू दिसतंय, पण बिल निघत नाही!" शाळा सुरू व्हायचे दिवस, स्टेशनरीचं दुकान, काउंटरवर पालकांची रांग. मी फोनवर, समोर तीस जणांची बॅच बसलेली. दिवसभर आईने कच्च्या वहीवर बिलं लिहिली आणि रात्री अकरापर्यंत मी ती सिस्टीममध्ये चढवत बसले. स्टॉक जुळायला पुढचे चार दिवस गेले.

चूक काय होती? एका शब्दाची. मी 'स्टार्ट' केलं होतं, 'इनेबल' केलं नव्हतं.

आजकालच्या बहुतेक लिनक्समध्ये, म्हणजे उबंटू, डेबियन, फेडोरा, अल्मालिनक्स या सगळ्यांत, मशीन सुरू होताना कुठली सेवा चालू करायची हे सिस्टमडी नावाचा प्रोग्रॅम बघतो. तो दुकानातल्या मॅनेजरसारखा आहे असं समजा. 'सिस्टमसीटीएल स्टार्ट मारियाडीबी' म्हणजे मॅनेजरला सांगणं, की या माणसाला आत्ता कामाला लाव. 'सिस्टमसीटीएल इनेबल मारियाडीबी' म्हणजे याचं नाव हजेरीपटावर लिही, रोज दुकान उघडलं की हा आलाच पाहिजे. मी माणसाला कामाला लावलं, पण हजेरीपटावर नावच घातलं नाही. मशीन पाच महिने बंदच झालं नाही, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात यायचं कारणही नव्हतं.

मला गंडवलं ते उबंटूच्या सवयीने. उबंटू आणि डेबियनमध्ये डेटाबेसचं पॅकेज टाकलं की तो सहसा लगेच सुरू होतो आणि हजेरीपटावरही जातो. अल्मालिनक्स किंवा फेडोरामध्ये तसं होत नाही. तिथे ते तुम्हालाच सांगावं लागतं. मी इथेही आपोआप झालं असेल असं धरून चालले.

तर कमांड अशी: 'सुडो सिस्टमसीटीएल इनेबल', मग एक जागा सोडून दोन डॅश आणि त्याला चिकटून 'नाऊ', मग परत जागा सोडून सेवेचं नाव. यात दोन्ही कामं एकदम होतात, आत्ता सुरू आणि पुढेही रोज सुरू. सुडो विसरू नका, हे मालकाच्या सहीचं काम आहे.

सेवेच्या नावात मात्र बरेच जण अडकतात. मारियाडीबी असेल तर नाव 'मारियाडीबी'च. मायएसक्यूएल असेल तर उबंटूवर 'मायएसक्यूएल', पण अल्मालिनक्स-फेडोराच्या घराण्यात 'मायएसक्यूएलडी', शेवटी एक डी जास्त. पोस्टग्रेस असेल तर 'पोस्टग्रेएसक्यूएल'.

झालं की नाही ते 'सिस्टमसीटीएल इज-इनेबल्ड' आणि पुढे सेवेचं नाव टाकून बघा. उत्तर 'इनेबल्ड' आलं पाहिजे. 'सिस्टमसीटीएल स्टेटस'मध्ये 'अ‍ॅक्टिव्ह' दिसलं म्हणून खूश होऊ नका. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे आत्ता चालू आहे एवढंच. माझंही पाच महिने अ‍ॅक्टिव्हच होतं!

काही जण डेटाबेस सुरू करायची कमांड डेस्कटॉपच्या स्टार्टअप यादीत टाकतात. तसं करू नका. ती यादी कोणीतरी लॉगिन केल्यावर चालते, आणि डेटाबेस तर पासवर्ड टाकायच्या आधीच उभा राहिलेला हवा. दुसऱ्या काउंटरवरचा माणूस तुमच्या लॉगिनची वाट बघत का बसेल?

दुसऱ्या काउंटरवरून आठवलं. पुढे आम्ही लॅनवर दुसरा कॉम्प्युटर जोडला, तेव्हा इनेबल असूनही डेटाबेस उठेना. हाताने चालू केला की मात्र लगेच चालू. 'जर्नलसीटीएल', मग डॅश यू, सेवेचं नाव आणि डॅश बी, अशी कमांड दिली की या वेळच्या सुरुवातीपासूनची त्या सेवेची नोंद दिसते. त्यात कारण सापडलं. सेटिंगमध्ये मी डेटाबेसला मशीनच्या लॅन पत्त्यावरच बसायला सांगितलं होतं, आणि तो उठायचा तेव्हा नेटवर्क कार्डाला पत्ता मिळालेलाच नसायचा. गाळ्याचं शटर उघडायच्या आधीच माणूस आत बसायला गेला तर काय होणार? उपाय असा, की 'सुडो सिस्टमसीटीएल एडिट मारियाडीबी' करून फाइल उघडायची. आत वरच्या बाजूला मोकळ्या जागेत लिहा असं सांगणारी ओळ असते, तिथेच लिहायचं. चौकोनी कंसात 'युनिट' हे हेडिंग, त्याखाली दोन ओळी, 'वॉन्ट्स' आणि 'आफ्टर', दोन्हींपुढे बरोबरचं चिन्ह आणि 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट'. मूळ फाइलला हात लावू नका, अपडेट आलं की तुमचे बदल पुसले जातील.

तुमचं बिलिंग सॉफ्टवेअरही सेवा म्हणून चालत असेल, तर त्याच्या फाइलमध्ये याच पद्धतीने डेटाबेसच्या सेवेचं नाव घाला, म्हणजे डेटाबेस आधी आणि ते नंतर. आणि नोंदीत डिस्क भरल्याची तक्रार दिसली, तर आधी जागा रिकामी करा. तोवर कितीही वेळा इनेबल करा, डेटाबेस उठणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, जे मी तेव्हा केलं नाही. दुकान बंद झाल्यावर, गिऱ्हाईक नसताना, मशीन खरंखुरं रीस्टार्ट करा. कीबोर्डला हात न लावता दोन मिनिटं थांबा आणि दुसऱ्या काउंटरवरून एक टेस्ट बिल काढून बघा. डिस्कला पासवर्डचं कुलूप लावलं असेल, तर मशीन तिथेच अडून बसलेलं दिसेल. मग तो पासवर्ड सकाळी दुकान उघडणाऱ्याला माहीत असायला हवा. प्लग ओढून टेस्ट करू नका, चालू डेटाबेसची वीज तोडणं बरं नाही.

आमच्याकडे ही टेस्ट दर महिन्याच्या स्टॉक मोजणीच्या रात्री होते. टेस्ट बिल आईच काढते. मी दुकानाबाहेर ओट्यावर बसते, फोन बंद करून.