उचल घेताना डोकं कुठे असतं?

बीड जिल्ह्यात तेलगावला साखर कारखाना आहे, तरी या जिल्ह्यातले हजारो ऊसतोड कामगार दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल ऊस तोडून फेडायची. आजारपणात खाडा पडला तर दंड वेगळाच. ‘यांना पुढचा विचारच नसतो,’ हे वाक्य मात्र पारावर सहज फेकलं जातं.

हे वाक्य एका अभ्यासाच्या उजेडात बघा. अर्थशास्त्रज्ञ आनंदी मणी, सेंधिल मुल्लाइनाथन आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांना आकृत्यांची कोडी घातली, एकदा तोडणीआधी आणि एकदा उसाचे पैसे मिळाल्यावर. माणूस तोच, पण हात तंग असताना गुण कमी, पैसे आल्यावर जास्त. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे छापून आलं. आक्षेपही निघाले, ते निघायलाच हवेत. संशोधकांचा युक्तिवाद असा की अक्कल कमी होत नाही. देणी, गहाण, सावकार यांतच लक्ष अडकून पडतं आणि बाकीच्या हिशेबाला जागा उरत नाही.

आता उचलीचा व्यवहार कधी ठरतो ते बघा. हंगाम सुरू होण्याआधी, घरात सगळ्यात जास्त ओढाताण असते तेव्हा.