लॉबीतला वाद, मारेगावच्या मैदानापर्यंत

आयची-नागोयाच्या आशियाई स्पर्धा १९ सप्टेंबरला सुरू होत आहेत. पदकांचे अंदाज बांधणं सुरू झालंय, पण कबड्डीवाल्यांच्या मनात अजून हांगझोच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव, वणी, पांढरकवडा या पट्ट्यात कबड्डीचा विषय निघाला की पाचव्या वाक्याला पंच येतो आणि सहाव्याला ७ ऑक्टोबर २०२३.

सामना सगळ्यांना पाठ आहे. हांगझोच्या आशियाई स्पर्धेतली पुरुषांची अंतिम फेरी, भारत-इराण, २८-२८, उरलेलं जेमतेम मिनिटभर. भारताच्या पवन सेहरावतची ‘करो या मरो’ चढाई. तो कुणालाही न शिवता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत गेला, इराणचे बचावपटू त्याच्या मागोमाग लॉबीत शिरले आणि खेळ जवळजवळ तासभर थांबला. निर्णय फिरला, पुन्हा फिरला, खेळाडू मॅटवरच बसून राहिले. शेवटी भारताला तीन गुण, इराणला एक. निकाल ३३-२९ आणि सुवर्ण भारताचं.

“पंचांनी जिंकून दिलं” म्हणणारे आणि “आपल्या हक्काचे गुण पंच खात होते” म्हणणारे, दोन्ही पक्ष आपल्याकडे आजही तितकेच ठाम आहेत. माझ्या मते दोघंही चुकीच्या माणसाला धरून बसलेत. त्या दिवशी मॅटवर दोन नियमपुस्तकं एकाच वेळी खेळत होती. आंतरराष्ट्रीय कबड्डीच्या जुन्या नियमानुसार, झटापट सुरू झालेली नसताना लॉबीत पाय टाकणारा प्रत्येक जण बाद. मग तो चढाई करणारा असो की पकड करणारा. भारत त्यावर बोट ठेवून होता. प्रो कबड्डीत रुळलेला नियम वेगळा आहे: चढाईपटू स्पर्शाविना बाहेर गेला की चढाई तिथंच संपली, मागून आलेल्यांना शिक्षा नाही. इराणचा हट्ट त्यावर होता. अशा वेळी पंचानं कुणाच्याही बाजूनं हात वर केला असता तरी अर्ध्या जगाला तो विकलेलाच वाटला असता.

आणि इथंच हा विषय मारेगावचा होतो. दिवाळीनंतर गावोगावच्या स्पर्धा सुरू होतात. मैदान मातीचं, रेषा चुन्याची, चार-पाच सामने झाले की ती पायांखाली पुसली जाते. लॉबी आखलेली असतेच असं नाही. पंच शेजारच्या गावचा, शिट्टीखेरीज हातात काही नाही. आणि भोवताली उभी असलेली पाचशे माणसं २०१४ पासून टीव्हीवर प्रो कबड्डी पाहत आलेली. नियम त्यांना उत्तम ठाऊक आहेत, पण ते लीगचे. पंच सामना चालवतो महासंघाच्या नियमांनी आणि प्रेक्षक तो जोखतात टीव्हीच्या नियमांनी. बोनस, लाइन कट, तिसरी चढाई, प्रत्येक ठिकाणी ठिणगी पडते. “रिव्ह्यू घ्या ना!” अशी आरोळी उठते, पण तिथं रिव्ह्यूला कॅमेरा कुठला?

जुन्या खेळाडूंना दम तुटल्यावरची भांडणं आठवत असतील. “कबड्डी, कबड्डी” थांबलं की नाही, हे पंचाच्या कानावर होतं आणि कानावर कुणाचा विश्वास नव्हता. ३० सेकंदांचं घड्याळ आलं आणि तो वाद बराच ओसरला. नियम स्वच्छ झाला की पंच आपोआप प्रामाणिक दिसू लागतो, हे या खेळानं एकदा सिद्ध केलेलं आहे.

पंचांवरच्या या अविश्वासात आपल्याकडे प्रांतांमधल्या चुरशीचीही एक गाठ आहे. शालेय स्पर्धेत मारेगावचा मुलगा तालुका, यवतमाळ जिल्हा, अमरावती विभाग असं करत राज्य संघात पोचला, तर त्याच्या छातीवर ‘महाराष्ट्र’ असतं. तोच मुलगा मोठा होऊन वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत उतरला, तर ‘विदर्भ’. तिथं महाराष्ट्र त्याचा प्रतिस्पर्धी. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला रिशांक देवाडिगाच्या महाराष्ट्रानं सेनादलाला ३४-२९ असं हरवून ११ वर्षांनी विजेतेपद आणलं, तेव्हा इकडे आनंद झाला, पण आपलं म्हणून किती झाला, हे विचारायला हवं. मुंबई-पुण्याच्या पंचांबद्दल विदर्भात जो संशय ऐकू येतो, त्याचं मूळ बरंचसं या अंतरात आहे. एखाद्या शिट्टीपुरता तो नसतो. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचं प्रात्यक्षिक घडवलं ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं. ज्या भागानं हा खेळ जगासमोर नेला, तो आज निवड आणि पंचगिरीच्या चर्चेत कडेला उभा आहे. ही खंत खरी आहे आणि ती बोलून दाखवलीच पाहिजे.

पण चुरस म्हणजे वैर नव्हे, हे सांगणारी माणसंही याच खेळानं दिली. नाशिकच्या शैलजा जैन त्यांतल्या सर्वांत मोठ्या, असं मी मानतो. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या महिलांनी भारताला अंतिम फेरीत २७-२४ असं हरवलं, तेव्हा इराणच्या प्रशिक्षक त्या होत्या. भारतीय संघाचं काम वाट्याला आलं नव्हतं. म्हणून त्या तेहरानला गेल्या, फारसी शिकल्या, मुलींना योग आणि प्राणायामाची सवय लावली. त्याच स्पर्धेत आपले पुरुषही उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असे हरले होते. त्या वेळी कुणी जैनबाईंना परकं ठरवलं, कुणाला त्यांचा अभिमान वाटला. मला अभिमानच वाटला. एका मराठी बाईनं प्रतिस्पर्धी घडवला आणि त्यामुळे आपला खेळ झोपेतून उठला.

हांगझोच्या त्या गोंधळानंतर दोनच दिवसांनी मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव सुरू झाला. पुणेरी पलटणनं इराणचा मोहम्मदरेझा शादलुई २ कोटी ३५ लाखांना घेतला. मार्च २०२४ मध्ये पुण्यानं विजेतेपद पटकावलं, तेव्हा कर्णधार होता हांगझोत भारताकडून खेळलेला आपला अस्लम इनामदार. ज्यांनी एकमेकांविरुद्ध मॅटवर तास घालवला, त्यांनी पाच महिन्यांत एकत्र करंडक उचलला. खेळाडू पुढे गेले. भांडण चाहत्यांकडे उरलं.

नागोयाच्या आधी आंतरराष्ट्रीय महासंघानं लॉबीचा नियम एकच ठेवावा आणि तो आधी जाहीर करावा, हा आग्रह भारतानं धरायला हवा. आपल्याच महासंघाचा कारभार २०१८ पासून वर्षानुवर्षं न्यायालयानं नेमलेल्या प्रशासकाकडे राहिला, त्या काळात असले प्रश्न कुणी विचारायचे हेच धड ठरलेलं नव्हतं. ती सबब आता चालणार नाही. आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या आयोजकांना एवढं करता येईल: सामन्याआधी लॉबी, बोनस आणि तिसऱ्या चढाईचे नियम ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवा, लॉबीची रेषा दर दोन सामन्यांनी नव्यानं मारा, आणि दोन्ही कर्णधारांसमोर ठरवून एक मोबाइल मध्यरेषेवर, दुसरा शेवटच्या रेषेवर लावा.