निदण उपटण्याचा अधिकार कोणाचा?

२७ ऑक्टोबर १५५३ रोजी जिनिव्हाच्या वेशीबाहेर, शांपेलच्या टेकाडावर, मायकेल सर्व्हेटस नावाच्या स्पॅनिश वैद्याला खांबाला बांधून जिवंत जाळण्यात आले. त्याने लिहिलेला ग्रंथही त्याच्याबरोबर जाळला गेला. गियोम फारेल हा धर्मोपदेशक चितेपर्यंत त्याच्या सोबत होता आणि चुकीची कबुली देण्यासाठी त्याची मनधरणी करीत होता. सर्व्हेटस येशूला 'सनातन ईश्वराचा पुत्र' म्हणावयास तयार होता. फारेलला 'ईश्वराचा सनातन पुत्र' असे हवे होते. विशेषण एका नामामागून काढून दुसऱ्या नामामागे ठेवले असते, तर कदाचित प्राण वाचले असते. अखेरच्या प्रार्थनेतही सर्व्हेटसने ते विशेषण जागचे हलविले नाही.

हा मनुष्य सामान्य नव्हता. हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्या बाजूस येते, ही गोष्ट युरोपात प्रथम छापली गेली ती त्याच्या या धर्मविषयक ग्रंथात. (इब्न अल-नफीस या अरब वैद्याने ती तीन शतके आधी लिहून ठेवली होती, पण युरोपला त्याचा पत्ता नव्हता.) त्या ग्रंथाच्या अवघ्या तीन प्रती आज शिल्लक आहेत. जिनिव्हाने त्याच्यावर मुख्य आरोप ठेवले ते दोन: त्रैक्याचा सिद्धान्त नाकारणे आणि अर्भकांचा बाप्तिस्मा नाकारणे.

या प्रकरणात एरवी एकमेकांच्या रक्ताला तहानलेल्या दोन पक्षांचे पूर्ण एकमत झाले. फ्रान्समधील ऱ्होनकाठच्या व्हिएन गावी कॅथलिक न्यायपीठाने सर्व्हेटसला आधीच पकडले होते, आणि त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली गेलेली त्याची पत्रे प्रॉटेस्टंट जिनिव्हातून, खुद्द जॉन कॅल्व्हिनच्या संग्रहातून, तेथे पोचली होती. तो तुरुंगातून निसटला, तेव्हा जून महिन्यात कॅथलिकांनी त्याची प्रतिमा जाळली. ऑक्टोबरात प्रॉटेस्टंटांनी प्रत्यक्ष देह जाळला. झुरिच, बर्न, बाझल आणि शाफहाउझेन या नगरांचा सल्ला घेण्यात आला, आणि चौघांनीही त्याला दोषी मानले. कॅल्व्हिनने जाळण्याऐवजी शिरच्छेद करावा अशी सूचना केली होती, ती मान्य झाली नाही. त्याच्या चरित्रकारांनी ही सूचना दयाबुद्धीचे उदाहरण म्हणून नोंदविली आहे. जो धर्म स्वतः क्रुसावरच्या देहदंडाच्या स्मरणातून उभा राहिला, त्याच्या अनुयायांना हा अधिकार कोणत्या वचनातून मिळाला, हा प्रश्न मात्र दयाबुद्धीच्या नोंदीने मिटत नाही.

त्याचे उत्तर शोधू गेल्यास शुभवर्तमानांतील दोन दृष्टान्तांपाशी यावे लागते. पहिला मत्तयाच्या तेराव्या अध्यायातला. एका शेतकऱ्याने गहू पेरला. रात्री वैऱ्याने येऊन त्यात तण पेरले. चाकरांनी ते उपटण्याची परवानगी मागितली. धन्याने ती नाकारली, कारण तणाबरोबर गहूही उपटला गेला असता. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्यावे, निवड तेव्हा होईल, असे त्याने ठरविले. मराठी बायबलात या तणाला 'निदण' म्हटले आहे, आणि ज्याने निंदणी-खुरपणी जवळून पाहिली आहे त्याला धन्याची भीती समजावून सांगावी लागणार नाही. पॅलेस्टाइनच्या शेतांतले हे तण ओंबी येईपर्यंत हुबेहूब गव्हासारखे दिसते. पुढे येशूच शिष्यांना उलगडा करून सांगतो, की शेत म्हणजे जग, कापणी म्हणजे युगाचा अंत, आणि कापणी करणारे देवदूत. चाकरांच्या हाती विळा कोठेच दिलेला नाही.

दुसरा दृष्टान्त लूकच्या चौदाव्या अध्यायातला. एका गृहस्थाने मोठी मेजवानी मांडली. निमंत्रितांपैकी एकाने शेत घेतल्याची, दुसऱ्याने बैलांच्या पाच जोड्या घेतल्याची, तिसऱ्याने लग्न झाल्याची सबब सांगितली. तेव्हा यजमानाने गावातील दरिद्री, आंधळे, पांगळे बोलावून आणविले. तरीही जागा उरली म्हणून वाटेवर व कुंपणांपाशी जे भेटतील त्यांना आत येण्यास भाग पाडावे, असे चाकराला फर्मावले. आतिथ्याच्या गोष्टीत हा आग्रह स्वाभाविक वाटतो. पंक्तीला बसलेल्याला आग्रह करणाऱ्या यजमानाच्या हाती कोणी सोटा पाहत नाही. पण त्या एका आज्ञार्थी क्रियापदाने पुढे तेराशे वर्षे जे काम केले, ते पाहता व्याकरणाला पुन्हा एकदा वचकून राहावे लागते.

हे क्रियापद कायद्याच्या सेवेला लावले ते हिप्पोच्या ऑगस्टिनने. हिप्पो म्हणजे आजच्या अल्जीरियातील अन्नाबा. चौथ्या शतकाच्या आरंभी सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ केला, तेव्हा काही धर्मगुरूंनी धर्मग्रंथ सरकारी माणसांच्या स्वाधीन करून जीव वाचविला. अशा गुरूंनी दिलेली दीक्षा खरी की खोटी, यावरून उत्तर आफ्रिकेतील चर्च दुभंगले. ती खोटी मानणारे ते डोनेटिस्ट. त्यांचा आग्रह शुद्ध चर्चचा होता. ऑगस्टिनने त्यांना निदणाचाच दृष्टान्त ऐकविला: शेतात दोन्ही असायचेच; कापणीपूर्वी शुद्ध शेत मागणारे तुम्ही कोण? डोनेटिस्टांनी उत्तर दिले, की येशूच्या उलगड्याप्रमाणे शेत म्हणजे जग, चर्च नव्हे. वाक्यार्थाच्या दृष्टीने त्यांची बाजू काही लंगडी नव्हती. मात्र सम्राटाच्या दाराशी हा तंटा प्रथम नेला तो त्यांनीच, कॉन्स्टन्टाइनच्या काळी. निकाल विरुद्ध गेल्यावर राजाचा धर्माशी संबंध काय, हा प्रश्न त्यांना सुचला.

ऑगस्टिन प्रारंभी सक्तीच्या विरुद्ध होता. उघड विरोधकांच्या जागी ढोंगी अनुयायी मिळतील, अशी त्याची रास्त शंका होती. पुढे त्याचे मत पालटले, आणि पालटण्याचे कारण त्याने एका पत्रात प्रामाणिकपणे सांगितले आहे. त्याचे जन्मगाव पूर्वी डोनेटिस्टांचे होते. शाही कायद्याच्या धाकाने ते कॅथलिक झाले आणि नंतर मनापासून कॅथलिक राहिले. म्हणजे धाक उपयोगी पडतो, हा त्याचा अनुभव होता. ४११ साली कार्थेज येथे दोन्ही पक्षांच्या साडेपाचशेंहून अधिक बिशपांची सभा शाही अधिकाऱ्यापुढे भरली. निकाल डोनेटिस्टांच्या विरुद्ध लागला आणि पुढील वर्षीच्या फर्मानाने त्यांच्यावर दंड बसविले, त्यांची प्रार्थनामंदिरे काढून घेतली. ४१७ च्या सुमारास बोनिफेस या सेनाधिकाऱ्याला लिहिलेल्या दीर्घ पत्रात ऑगस्टिनने मेजवानीचा दृष्टान्त या धोरणाच्या समर्थनार्थ मांडला. देहदंडाला त्याचा विरोध होता, हेही सांगितले पाहिजे. आपल्या पक्षाच्या धर्मगुरूचा खून केल्याची कबुली देणाऱ्यांनाही जीवदान द्यावे, अशी विनंती त्याने अधिकाऱ्यांना केली होती. सक्ती पित्याच्या छडीसारखी असावी, खड्गासारखी नसावी, अशी त्याची कल्पना. छडी एकदा राज्यसंस्थेच्या हाती दिल्यावर तिची लांबी कोण ठरविणार, याचा विचार त्याच्या पत्रांत सापडत नाही.

ती लांबी पुढील शतकांनी ठरविली. अकराव्या शतकाच्या मध्यास लीएझच्या वाझो नावाच्या बिशपने पाखंड्यांना मारू नये म्हणून निदणाचाच हवाला दिला; तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने तोच दृष्टान्त उलटा वाचला. धन्याने मना केले ते गव्हाला धोका होता म्हणून. जेथे गव्हाला इजा न होता तण समूळ काढता येते, तेथे ती मनाई लागू नाही. तर्क बिनतोड आहे. त्यात एकच गृहीत आहे, की उपटणाऱ्याला गहू आणि निदण यांतला फरक ओंबी येण्यापूर्वीच कळतो.

सर्व्हेटसच्या चितेनंतर या गृहीतावरच कोणी बोट ठेवले असेल तर ते सेबास्टियन कॅस्टेलिओने. हा एके काळी जिनिव्हातील शाळेचा मुख्य होता; कॅल्व्हिनशी मतभेद होऊन १५४४ मध्ये त्याने शहर सोडले, बाझलमध्ये हलाखीत दिवस काढले आणि १५५३ मध्ये तेथे ग्रीकचा अध्यापक झाला. १५५४ च्या मार्चमध्ये पाखंड्यांचा छळ करावा काय या प्रश्नावरचे त्याचे पुस्तक निघाले. त्यावर त्याचे नाव नव्हते. 'मार्टिनस बेलियस' हे टोपणनाव होते, आणि छपाईचे स्थळही खोटे घातले होते. पुस्तकात बराचसा भाग इतरांच्या उताऱ्यांचा होता: प्राचीन धर्मपित्यांचा, इरॅस्मसचा, तरुणपणीच्या ल्यूथरचा आणि खुद्द कॅल्व्हिनचा. कारण कॅल्व्हिनचे अनुयायी फ्रान्समध्ये जळत होते तेव्हा, १५३६ मध्ये, त्याने आपला मुख्य ग्रंथ फ्रान्सच्या राजाला अर्पण करून सौम्यपणाची याचना केली होती. ल्यूथरचीही तीच कथा. पाखंड्यांना जाळणे पवित्र आत्म्याच्या इच्छेविरुद्ध आहे, हे त्याचे विधान १५२० मध्ये पोपने दोषास्पद ठरविले. सत्तेचा आधार मिळाल्यावर ल्यूथर स्वतःच त्यापासून दूर सरला.

पाखंडी कोणाला म्हणावे याचा शोध घेता घेता कॅस्टेलिओ या निष्कर्षाला आला, की ज्याचे मत आपल्या मताशी जुळत नाही त्यालाच लोक हे नाव देतात; एका नगरात जो सच्चा, तो शेजारच्या नगरात पाखंडी. धर्मग्रंथातील ज्या गोष्टी स्पष्ट आहेत, उदाहरणार्थ चोरी करू नये, खून करू नये, त्यांवर कोणाचा वाद नाही. वाद आहे तो ज्या गोष्टी संदिग्ध आहेत त्यांवर, आणि माणसे मारली जातात ती या संदिग्ध गोष्टींसाठी. कॅल्व्हिनने आपल्या समर्थनात जुन्या करारातील अनुवादाच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय पुढे केला. परक्या दैवताकडे वळविणाऱ्याला, तो सख्खा भाऊ असला तरी, ठार करण्याची आज्ञा त्यात आहे. कॅस्टेलिओने त्यालाही उत्तर लिहिले. जिनिव्हाने सिद्धान्ताचे रक्षण केले नाही, एका माणसाचा जीव घेतला, असा त्याचा रोख होता. ते उत्तर त्याच्या हयातीत छापले गेले नाही. पाखंडाच्या आरोपाची चौकशी डोक्यावर असतानाच १५६३ च्या डिसेंबरात तो वारला, आणि ते हस्तलिखित १६१२ मध्ये हॉलंडमध्ये छापून निघाले. स्टेफान झ्वाइगने १९३६ मध्ये, जर्मनीत स्वतःची पुस्तके जाळली गेल्यानंतर, कॅस्टेलिओवर पुस्तक लिहावे, हे साहजिकच होते.

मेजवानीच्या दृष्टान्ताचा हिशेब मात्र अजून व्हायचा होता. फ्रान्समध्ये छत्तीस वर्षांच्या यादवीनंतर १५९८ मध्ये चौथ्या हेन्रीने नान्तच्या फर्मानाने प्रॉटेस्टंटांना, म्हणजे ह्यूगनॉटांना, काही हक्क दिले. चौदाव्या लुईने ते प्रथम कुरतडले आणि ऑक्टोबर १६८५ मध्ये रद्द केले. तत्पूर्वी चार वर्षे एक नवी युक्ती चालू होती: ह्यूगनॉट कुटुंबाच्या घरात घोडेस्वार शिपाई उतरवायचे, त्यांना मनसोक्त धुडगूस घालू द्यायचा आणि घरमालकाने धर्मांतराच्या कागदावर सही केली की हलवायचे. या साऱ्याला शास्त्राधार हवा होता. ऑगस्टिनची ती दोन पत्रे फ्रेंचमध्ये भाषांतरित करून त्याच वर्षी प्रसिद्ध करण्यात आली. आफ्रिकेतील एका बिशपने शंका-कुशंकांनंतर पत्करलेले मत बाराशे वर्षांनी शिपायांच्या मुक्कामाचे परवानापत्र झाले. मनाई असतानाही दीड ते दोन लाख माणसे देश सोडून गेली.

पियेर बेल हा असाच एक परागंदा, रॉटरडॅममध्ये अध्यापक. तो हाती लागत नव्हता म्हणून त्याच्या धर्मोपदेशक भावाला, जाकोबला, फ्रान्समध्ये तुरुंगात टाकण्यात आले. फर्मान रद्द झाल्यावर महिनाभरातच जाकोब कोठडीत मरण पावला. पुढील वर्षी बेलने लूकच्या त्या एका शब्दप्रयोगावर अख्खा ग्रंथ लिहिला, तोही इंग्रजीवरून केलेले भाषांतर असल्याची बतावणी करून. त्याचे पहिले सूत्र साधे होते. धर्मवचनाचा जो अर्थ माणसाला गुन्हा करावयास लावतो, तो अर्थ खोटा. मग त्यासाठी कितीही पंडितांची साक्ष काढा. दुसरे सूत्र अधिक अवघड होते. प्रत्येक पक्ष स्वतःला सत्य मानतो. तेव्हा सत्याला सक्तीचा अधिकार आहे असे म्हणणे म्हणजे तो अधिकार सर्वांनाच देणे होय. चीनच्या बादशहाला मिशनऱ्यांचा हा दृष्टान्त कळला, तर त्याने त्यांना हाकलून दिल्यास त्याचे काय चुकले? प्रामाणिकपणे चुकणाऱ्याच्या सदसद्विवेकालाही बरोबर असणाऱ्याइतकाच मान मिळाला पाहिजे, येथवर तो पोचला.

याच सुमारास, १६८७ मध्ये, शार्ल डेलाँ या फ्रेंच वैद्याने गोव्याच्या इन्क्विझिशनच्या तुरुंगात भोगलेल्या हालांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ते न्यायासन गोव्यात १५६० पासून होते आणि १७७४ ते १७७८ हा खंड सोडला तर १८१२ पर्यंत टिकले. ज्या भूमीत फादर स्टीफन्सने येशूची कथा मराठी ओवीत बांधली आणि १६१६ मध्ये ती छापून निघाली, त्याच भूमीत कापणीपूर्वीचा विळाही चालत होता.

बेलला सर्वांत कडवा विरोध झाला तो पॅरिसमधून नव्हे, रॉटरडॅममधून. पियेर ज्यूरियू हा त्याचा सहकारी, त्याच्यासारखाच परागंदा ह्यूगनॉट. खोट्या धर्माने खऱ्या धर्माला छळणे हे पाप, पण खऱ्या धर्माच्या राजाने खोट्याला दाबणे हे कर्तव्य, अशी त्याची भूमिका होती. बेलची सहिष्णुता त्याला नास्तिकपणाची पहिली पायरी वाटली. १६९३ मध्ये बेलची नोकरी गेली. ती घालविणारे नगर प्रॉटेस्टंट होते.

कॅथलिक चर्चने धार्मिक स्वातंत्र्याचा हक्क अधिकृतपणे मान्य केला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, ७ डिसेंबर १९६५ रोजी. त्या जाहीरनाम्यात निदण कापणीपर्यंत वाढू देण्याचा उल्लेख आहे. जिनिव्हात कॅल्व्हिनच्या अनुयायांनी १९०३ मध्ये शांपेलला एक शिळा उभारली. आपण कॅल्व्हिनचे कृतज्ञ पुत्र आहोत, परंतु त्याच्या शतकाची ही चूक आपल्याला मान्य नाही, अशा आशयाचा लेख तीवर आहे. चूक शतकाच्या नावे मांडली आहे. कॅस्टेलिओ त्याच शतकातला होता, याची दखल लेखात नाही. क्लोतिल्द रोश हिने घडविलेल्या सर्व्हेटसच्या पुतळ्याला तेव्हा जिनिव्हात जागा मिळाली नाही. १९०८ मध्ये तो सरहद्दीपलीकडे फ्रान्समधील आनमास गावी बसला. दुसऱ्या महायुद्धात व्हिशी सरकारने तो काढून वितळविला. १९६० मध्ये पुन्हा ओतून तेथेच बसविण्यात आला. त्याची एक प्रतिकृती जिनिव्हात, चितेच्या जागेजवळ, उभी राहिली ती २०११ मध्ये.