ऋतुविपर्यय – लेखांक पाचवा : कादंबरी वाचून कोणी हालतो काय?

वातावरणातील कर्बवायूचे वाढते प्रमाण, समुद्राच्या पृष्ठभागाचे तापणे आणि मोसमी पावसाची बदललेली चाल यांविषयी गेल्या चार लेखांकांत जे विवेचन केले, त्यातले बहुतेक सारे कित्येक दशके अहवालांतून, परिषदांच्या ठरावांतून आणि सरकारी दप्तरांतून नांदत आले आहे. इतके सारे ठाऊक असूनही हातून फारसे काही घडत नाही, हे पाहून जगातील काही लेखकांनी हे काम कथेकडे सोपवून पाहिले. कथेने माणूस खरोखर हालतो काय, आणि हालला तर किती काळ, याचा विचार आज करावयाचा आहे.

अमेरिकन कादंबरीकार किम स्टॅनली रॉबिन्सन यांची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ ही कादंबरी २०२० साली प्रसिद्ध झाली. तिचे पहिले प्रकरण उत्तर प्रदेशातील एका लहान गावात घडते. मदतकार्यासाठी तेथे आलेल्या फ्रँक मे या तरुणाच्या डोळ्यांदेखत उष्म्याने माणसे मरू लागतात, वीज जाते, दवाखान्यातील जनित्र आणि हवा थंड करणारे यंत्र शस्त्राच्या धाकाने पळवले जाते, आणि अखेर जीव वाचविण्यासाठी गावकरी तलावात उतरतात. परंतु तलावाचे पाणीच अंगापेक्षा ऊन झालेले असल्यामुळे त्यांना तेथेही निवारा मिळत नाही आणि शेवटी फ्रँक तेवढा जिवंत उरतो. यामागील शास्त्र लेखकाच्या कल्पनेतले नाही. ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकावर पारा ३५ अंश सेल्सिअस दाखवू लागला, म्हणजे हवेत इतका दमटपणा असतो, की घाम वाळत नाही, शरीरातील उष्णतेला बाहेर पडण्याची वाट राहत नाही, आणि धडधाकट मनुष्य सावलीत बसून पाणी पीत असला तरी काही तासांत दगावतो. ही मर्यादा शेरवूड आणि ह्यूबर या दोन शास्त्रज्ञांनी २०१० सालीच एका निबंधात मांडली होती. तो निबंध त्या विषयाच्या अभ्यासकांनी वाचला. पण त्या तलावाच्या काठी सामान्य वाचकाला नेऊन उभे करण्याचे काम दहा वर्षांनी एका कादंबरीने केले. आपल्याकडे १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर उन्हात झालेल्या समारंभानंतर उष्माघाताने १४ माणसे दगावली, तेव्हा पारा काही विक्रमी नव्हता, हे ज्यांच्या ध्यानात राहिले असेल त्यांना ते पहिले प्रकरण परदेशी लेखकाचे वाटणार नाही.

आता प्रश्न परिणामाचा. मॅथ्यू श्नायडर-मेयरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची रीतसर परीक्षा करून तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध केले. त्यांनी वाचकांना वाचावयास दिलेल्या दोन कथांपैकी एक पाओलो बाचिगालुपी यांची होती. अवर्षणाने पोळलेल्या पश्चिम अमेरिकेत नदीकाठची पाणी पिणारी झाडे उपटण्याबद्दल सरकारकडून इनाम घेणारा एक गरीब मनुष्य, आपले पोट बंद पडू नये म्हणून, तीच झाडे गुपचूप पुन्हा लावीत जातो, असे तिचे कथानक आहे. दुष्काळी काळात माणसाची नीती कशी पिळवटते ते इतक्या थोड्या सामग्रीत दाखविणारी कथा मी क्वचितच वाचली आहे. अशा कथा वाचल्यानंतर लगोलग विचारले असता वाचकांच्या मतांत लहानसा परंतु निश्चित फरक पडलेला आढळला. महिन्याभराने पुन्हा विचारले तेव्हा तो फरक मोजण्याजोगा उरला नव्हता.

या निष्कर्षाने अनेक साहित्यप्रेमी खिन्न झाले असतील, परंतु मला तो एका जुन्या मराठी अनुभवाशी जोडून पाहावासा वाटतो. हरी नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा त्यापूर्वी ३४ वर्षे, म्हणजे १८५६ सालीच झाला होता. विधवांच्या हालांवर निबंध, व्याख्याने आणि वादविवाद यांचा तर नुसता पाऊस पडला होता. यमूची हकीकत यमूच्याच तोंडून ऐकताना वाचकाला नवी माहिती फारशी मिळाली नाही. त्याला आपल्याच माजघरात वावरणारी मुलगी दिसू लागली, आणि तीही एका बैठकीत नव्हे, तर आठवड्यामागून आठवडा, पुढील अंकाची वाट पाहता पाहता. एका बैठकीत वाचलेली कथा महिन्याभरात विरून जात असेल, तर इतका काळ घरात येत-जात राहिलेली यमू कशी विरून जाणार? अण्णासाहेब कर्वे यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला आणि १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापला, ते त्या कादंबरीमुळे, असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु यमूसाठी डोळे पुसणाऱ्या वाचकाला ‘मी आता काय करू?’ असा प्रश्न पडला, तर जवळपास एखादी सुधारकांची सभा होती, एखादी मुलींची शाळा होती, पुढे तो आश्रमही होता. त्याच्या कळवळ्याला जाण्यासाठी दार उघडे होते, ही गोष्ट विसरता येत नाही.

हवामानाच्या संकटावरील बहुतेक कथा येथेच अपुऱ्या पडतात, असे माझे मत आहे. त्या प्रलय दाखवितात, दार दाखवीत नाहीत. जयंत नारळीकरांच्या एका विज्ञानकथेत मुंबईवर हिमवर्षाव होतो; वसंत चिटणीस या शास्त्रज्ञाचा इशारा आधी कोणी मनावर घेत नाही, आणि शेवटी अग्निबाणांनी वातावरणात कण फेकून पृथ्वी वाचविली जाते. मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना विज्ञानाची गोडी लावणाऱ्या त्या लेखकाविषयी पूर्ण आदर राखूनही असे वाटते, की अग्निबाण सोडणे हे सामान्य वाचकाच्या हातचे काम नसल्यामुळे कथा संपते तेथेच त्याचे कर्तव्यही संपते. रॉबिन्सन यांच्या कादंबरीतही भारत आकाशात गंधकाचे कण फवारतो. पण तिचा मोठा भाग झुरिक येथील एका कचेरीत घडतो. त्या खात्याची प्रमुख मेरी मर्फी ही बाई मध्यवर्ती बँकांच्या अधिकाऱ्यांची मनधरणी करते, कर्ब जमिनीत राखणाऱ्याला मोबदला देणाऱ्या नव्या चलनाची तजवीज करविते, आणि काही प्रकरणे तर सभेच्या टिपणांसारखी लिहिलेली आहेत. ती प्रकरणे कंटाळवाणी आहेत, असा आक्षेप घेतला जातो. मला मात्र ती कादंबरीचे मर्म वाटतात, कारण पृथ्वी वाचावयाची असेल तर ती अशाच लांबलेल्या बैठकांतून, तहकूब झालेल्या आणि पुन्हा भरलेल्या सभांतून आणि शंभरदा दुरुस्त केलेल्या मसुद्यांतून वाचणार आहे.

आणि कचेरीची कथा लिहिण्यास मराठी लेखकाइतका अधिकारी दुसरा कोण असेल? माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त दुष्काळाने गाव पांगते, सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये शेती खचत जाते. आज त्यांच्या पुढचे पाऊल टाकता येण्याजोगे आहे. महाराष्ट्रात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला म्हणजे अतिवृष्टी समजतात, आणि हा पाऊस महसूल मंडळातील पर्जन्यमापकावर मोजतात. समजा, त्या यंत्रात ६१ मिलिमीटर भरले आणि चार कोसांवरच्या शिवारात सोयाबीन कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. मग तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येतात. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर दाखवावयाचे की खाली, यावर त्या घरातील मुलीचे पुढल्या वर्षीचे शिक्षण अवलंबून असते. तलाठ्याला शेत दिसते आहे आणि वरून आलेला तक्ताही दिसतो आहे. ऋतुविपर्यय हा विषय महाराष्ट्रात ज्या ठिकाणी माणसाच्या अंगाला येऊन भिडतो, ते ठिकाण हा बांध आहे. येथे खलपुरुष नाही, अग्निबाण नाही. एक पर्जन्यमापक आणखी कोठे बसवावा, पंचनाम्याचा नमुना कसा बदलावा, ग्रामसभेत कोणता ठराव मांडावा, अशी वाचकाच्या हाताला लागणारी कामे मात्र आहेत.

अशी कादंबरी एखाद्या साप्ताहिकाने किंवा दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीने क्रमशः छापावी, पावसाळ्याच्या आरंभी सुरू करावी आणि रब्बीच्या पेऱ्यापर्यंत चालू ठेवावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ती लिहू पाहणाऱ्याने आधी आपल्या तालुक्याच्या कचेरीत जाऊन गेल्या दहा वर्षांचे पंचनामे मागवून वाचावेत. माहितीच्या अधिकाराने ते मिळू शकतात.

पुढील लेखांकात अहमदाबादचा विचार करू. तेथे मे २०१० मधील उष्म्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले, आणि त्यानंतर २०१३ साली महापालिकेने उष्म्याशी सामना करण्याचा आराखडा अंमलात आणला.